मलकापूरची छावणी आणि फिनलंडची सीमा

बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूर हे मुंबई-नागपूर लोहमार्गावरील एक स्थानक आणि कापसाची जुनी बाजारपेठ म्हणून परिचित आहे. १८०३ सालच्या उन्हाळ्याअखेरीस व पावसाळ्याच्या आरंभी याच टापूत दौलतराव शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघूजी भोसले यांच्या फौजांचा तळ पडलेला होता. दक्षिणेस अजिंठ्याची डोंगररांग आणि तिच्यापलीकडे निजामाचे औरंगाबाद. उत्तरेस बुऱ्हाणपूर आणि तेथून पुढे शिंद्यांचा माळवा. कर्नल जॉन कॉलिन्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट या छावणीत वाटाघाटी करीत बसला होता. ३ ऑगस्ट रोजी त्याने तळ सोडला. ६ ऑगस्टला आर्थर वेलस्लीने शिंद्यांना कळविले की समानतेचा व सन्मानाचा तह पुढे केला असता त्यांनी युद्ध पत्करले, सबब पुढील सर्व परिणामांची जबाबदारी त्यांची. दोन दिवसांनी अहमदनगरच्या पेठेवर इंग्रजांचा हल्ला झाला आणि १२ ऑगस्टला किल्ला पडला.

या युद्धास जबाबदार कोण, हा प्रश्न दोन शतके चर्चिला जात आहे, आणि त्याचे इंग्रजी उत्तर वरवर पाहता साधे आहे. शिंदे-भोसल्यांच्या फौजा निजामाच्या सीमेवर का जमल्या होत्या? निजाम हा कंपनीचा दोस्त; त्याच्या मुलुखाला धोका निर्माण झाला; फौजा मागे घ्या असे सांगितले, त्यांनी घेतल्या नाहीत; तेव्हा संरक्षणासाठी शस्त्र उचलणे भाग पडले. या उत्तरात एकही घटना खोटी नाही. फौजा खरोखरच जमल्या होत्या आणि मागे हटावयास तयार नव्हत्या. तरीही हे उत्तर खोटे आहे, आणि ते कोठे खोटे पडते हे पाहणे समाजवादी कार्यकर्त्याला इतिहासाच्या हौसेपलीकडे आवश्यक आहे. कारण हेच उत्तर पुढे निराळ्या देशांत, निराळ्या झेंड्याखाली दिले गेले आणि तेव्हा डाव्या चळवळीतील अनेकांनी ते मान डोलावून स्वीकारले.

या जिल्ह्याच्या मातीला परक्यांच्या लढाया नव्या नाहीत. रोहिणखेडला १४३७ साली बहामनी आणि खानदेशच्या फौजा भिडल्या. साखरखेर्ड्यास ऑक्टोबर १७२४ मध्ये निजामुल्मुल्क आणि मुबारिजखान यांची लढाई होऊन हैदराबादच्या स्वतंत्र राज्याचा पाया पडला. या लढायांची कारणे शोधावयाची तर बीदरच्या आणि दिल्लीच्या दरबारात शिरावे लागते. रोहिणखेडच्या वा साखरखेर्ड्याच्या शेतांत ती सापडत नाहीत. मलकापूरच्या छावणीचेही तसेच आहे. तेथे जे दिसते ते निमित्त. कारण वसईस आहे.

२५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्याजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा मोड केला आणि दुसरा बाजीराव पळत सुटला. त्याने इंग्रजांचा आश्रय घेतला आणि ३१ डिसेंबरला वसई येथे तहनाम्यावर सही केली. कंपनीची सहा पलटणींची फौज कायमची पदरी बाळगावयाची, तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून द्यावयाचा, निजाम व गायकवाड यांच्याशी असलेले तंटे कंपनीच्या लवादाकडे सोपवावयाचे, इंग्रजांशी वैर असलेल्या युरोपियनांना चाकरीत ठेवावयाचे नाही आणि कंपनीच्या सल्ल्यावाचून कोणत्याही सत्तेशी बोलणे लावावयाचे नाही, अशी ही कलमे होती. शेवटचे कलम महत्त्वाचे. पेशवा हा मराठी राज्यसंघाचा नामधारी का होईना प्रमुख होता. शिंदे, भोसले, होळकर, गायकवाड ज्याच्या नावाने कारभार करीत त्यालाच त्यांच्याशी बोलण्यासाठी परक्याची परवानगी घ्यावी लागणार होती. म्हणजे ज्या घराचे चार वाटेकरी, त्याचा दरवाजा एका वाटेकऱ्याने परस्पर परक्याला लिहून दिला आणि नंतर उरलेले वाटेकरी अंगणात जमले तेव्हा त्यांच्यावरच घुसखोरीचा आरोप आला.

मराठी अभिमानाने इतिहास लिहिणाऱ्यांना येथपर्यंतचे विवेचन रुचेल. पण ते येथेच थांबविणे अप्रामाणिकपणाचे होईल. दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले हे काही रयतेचे वा स्वातंत्र्याचे कैवारी नव्हते. पुण्यात शिंद्यांचा सासरा सर्जेराव घाटगे याने पैसा उकळण्यासाठी सावकारांचे व नागरिकांचे जे हाल केले त्याची स्मृती तेव्हा ताजी होती. बाजीरावाने १८०१ मध्ये विठोजी होळकरास हत्तीच्या पायी देऊन यशवंतरावांशी हाडवैर ओढवून घेतले होते. होळकरांच्या स्वारीने खानदेश व गंगथडी उजाड केली होती. शिंदे-भोसले होळकरांना आपल्याकडे ओढून इंग्रजांविरुद्ध फळी उभारण्याच्या खटपटीत आहेत, ही इंग्रजांची तक्रारही निराधार नव्हती. फळी उभी राहिली नाही याचे कारण होळकर दूर राहिले हे होय. मे महिन्याच्या अखेरीस कॉलिन्सने स्पष्ट उत्तर मागितले तेव्हा शिंद्यांनी भोसल्यांची भेट झाल्यावर युद्ध की तह ते कळवू असे सांगितले. मुत्सद्देगिरीच्या दृष्टीने हे वाक्य घातक ठरले. वेलस्ली बंधूंना ते हवेच होते आणि त्यांनी ते जन्मभर वापरले.

तथापि वाईट राज्यकर्ता असणे ही एक गोष्ट आणि युद्धाचे कारण असणे ही दुसरी. पहिली सिद्ध केली की दुसरी आपोआप सिद्ध होते, हा साम्राज्यशाहीचा आवडता तर्क आहे. टिपू जुलमी म्हणून श्रीरंगपट्टण, अवधचा कारभार ढिसाळ म्हणून अवध, शिंदे लुटारू म्हणून अहमदनगर. हा तर्क एकदा मान्य केला तर जगातील कोणत्याही दुबळ्या राज्यावर केव्हाही चाल करून जाता येईल, कारण निर्दोष राज्यकर्ता अद्याप कोठे जन्मास आलेला नाही.

मलकापूरच्या वाटाघाटींकडे आता बारकाईने पाहावयास हवे. शिंदे-भोसल्यांनी लेखी व तोंडी सांगितले की वसईचा तह मोडण्याचा त्यांचा इरादा नाही, त्यांच्या फौजा त्यांच्याच मुलुखात आहेत, त्या अजिंठ्याचा घाट चढणार नाहीत व पुण्यावर जाणार नाहीत. त्यांच्याच मुलुखात हा दावा पुरता निर्विवाद नव्हता. वऱ्हाडात निजाम आणि भोसले यांची दुअमली होती, महसुलाचे वाटेकरी दोघे, आणि सीमा म्हणावी अशी रेघ कोणालाच दाखविता आली नसती. वेलस्लीची मागणी अशी की शिंद्यांनी नर्मदा उतरून उत्तरेस जावे आणि भोसल्यांनी नागपुरास परतावे. मग इंग्रज फौजाही माघारी जातील. आधी कोणी हलावयाचे, हा पेच होता. जुलैच्या अखेरीस शिंदे-भोसल्यांनी उलट सूचना मांडली. त्यांनी बुऱ्हाणपुरास जावे आणि इंग्रजांनी मुंबई, मद्रास, श्रीरंगपट्टण या आपापल्या ठाण्यांवर जावे. हे कॉलिन्सने नाकारले. बुऱ्हाणपूर अजिंठ्यापासून चार मजलांवर, इंग्रजांची ठाणी शेकडो कोस दूर. ही बरोबरी कशी, असा त्याचा सवाल होता. तेव्हा त्यांनी आणखी एक सूचना केली: दोन्ही पक्षांनी एक दिवस ठरवावा आणि त्या दिवशी दोघांच्याही फौजा आपापल्या नेहमीच्या ठाण्यांवर असाव्यात. यातूनही काही निष्पन्न झाले नाही.

कॉलिन्सचा अंतराचा मुद्दा निव्वळ बहाणा म्हणून उडवून लावता येत नाही. सैनिकी हिशेबाने तो बरोबर होता. पण इंग्रज फौज मुळात त्या ठाण्यांपासून शेकडो कोस आत कोणाच्या बोलावण्यावरून आली होती? ज्या तहाला शिंदे-भोसल्यांनी सही केली नव्हती त्या तहाच्या आधारे. घरात शिरलेल्याने घरच्यांस म्हणावे की माझे गाव लांब आहे, म्हणून आधी तुम्ही परसदारी जा, अशातला हा प्रकार होता.

दुसरी गोष्ट तारखांची. निजामाच्या मुलुखावर चालून जाण्याचा ज्यांच्यावर आरोप, त्या फौजा अजिंठ्याचा घाट चढून निजामाच्या प्रदेशात शिरल्या त्या ऑगस्टच्या अखेरीस, म्हणजे अहमदनगर पडल्यानंतर. ज्या आक्रमणाच्या प्रतिकारासाठी युद्ध पुकारले ते आक्रमण युद्ध पुकारल्यानंतर घडले. तिसरी गोष्ट पावसाची. नद्या दुथडी भरलेल्या असताना मराठी घोडदळाची चपळाई निकामी होते आणि होड्यांची तयारी ठेवणाऱ्या फौजेचा फायदा होतो, हे आर्थर वेलस्लीने पत्रांतून स्वच्छ लिहून ठेवले आहे. त्याच्या थोरल्या बंधूने, गव्हर्नर जनरलने, जूनच्या अखेरीसच त्याला युद्ध वा तह करण्याचा पूर्ण अधिकार देऊन ठेवला होता. पाऊस संपेपर्यंत बोलणी लांबू द्यावयाची नव्हती, म्हणून ती लांबली नाहीत.

फ्रेंचांच्या धोक्याचाही पुष्कळ गवगवा झाला. शिंद्यांच्या उत्तरेकडील कवायती फौजेचा सेनापती पेराँ हा फ्रेंच. युरोपात मे १८०३ मध्ये इंग्लंड-फ्रान्स युद्ध पुन्हा पेटलेले. तेव्हा यमुनेच्या काठी फ्रेंच राज्य उभे राहत असल्याचे चित्र लंडनला रंगवून दाखविण्यात आले. प्रत्यक्षात लढाई सुरू होताच पेराँने आपली मालमत्ता घेऊन इंग्रजांचा आश्रय केला. खुद्द इंग्लंडमध्येही हे चित्र सर्वांना पटले नव्हते. कंपनीच्या कारभारावर देखरेख करणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष कॅसलरे याने १८०४ मध्ये वसईच्या तहावर कठोर टीका केली आणि १८०५ मध्ये वेलस्लीला परत बोलावून कॉर्नवॉलिसला पाठविण्यात आले. अर्थात तोपर्यंत असई, अडगाव आणि गाविलगड होऊन गेले होते, आणि जिंकलेला मुलूख परत करण्याइतका तो पश्चात्ताप खोल नव्हता.

येथवरचे विवेचन वाचून पक्षाच्या अभ्यासवर्गातील बहुतेक कार्यकर्ते होकार देतील. १८०३ च्या युद्धाचे कारण मलकापूरची छावणी नसून तैनाती फौजेचे राजकारण होते, हे त्यांना नव्याने सांगावे लागणार नाही. खरी परीक्षा पुढे आहे. हेच माप १९३९ च्या फिनलंडला लावावयाचे की नाही?

३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएत फौजांनी फिनलंडवर चाल केली आणि हेलसिंकीवर बाँब पडले. या युद्धाच्या कारणांची चर्चा डाव्या वर्तुळांत आजही निघते, आणि दर वेळी ती एकाच आकड्यापाशी येऊन अडते: लेनिनग्राडपासून फिनलंडची सीमा अवघ्या ३२ किलोमीटरवर होती. हा आकडा खरा आहे. सोव्हिएत संघाची भीतीही काल्पनिक नव्हती. १९१८ च्या यादवीत फिनलंडच्या शुभ्र फौजांना जर्मन सैन्याचे साहाय्य मिळाले होते आणि पराभूत लाल पक्षाचे हजारो कामगार छावण्यांत उपासमारीने व रोगाने मेले होते. हिटलरच्या सामर्थ्याचा अंदाज १९३९ साली कोणालाही करता येत होता. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मॉस्कोला झालेल्या वाटाघाटींत सोव्हिएत पक्षाने करेलियातील सीमा मागे सरकविण्याची, आखातातील काही बेटांची आणि हांको बंदर भाडेपट्ट्याने देण्याची मागणी केली. बदल्यात करेलियातच मागणीच्या सुमारे दुप्पट प्रदेश देऊ केला. कंपनीने १८०३ साली शिंद्यांना बदली मुलूख देऊ केला नव्हता, हा फरक मान्य केला पाहिजे.

पण त्यापुढील साम्ये डोळ्यांआड करता येण्याजोगी नाहीत. २६ नोव्हेंबरला माइनिला या सीमेवरील गावी तोफगोळे पडून सोव्हिएत सैनिक ठार झाल्याचे जाहीर झाले आणि मोलोतोव्हने फिनलंडला फौजा सीमेपासून २० ते २५ किलोमीटर मागे घेण्यास फर्माविले. फिनलंडने दुसऱ्याच दिवशी उत्तर दिले: संयुक्त चौकशी करू आणि फौजा दोघांनीही मागे घेऊ. मॉस्कोने ते नाकारले. कारण काय दिले? दोघांनी सारखेच अंतर मागे घ्यावयाचे तर सोव्हिएत फौजेला लेनिनग्राडच्या उपनगरांत जावे लागेल, तेव्हा ही बरोबरी नव्हे. कर्नल कॉलिन्सने बुऱ्हाणपूर आणि मुंबई यांच्या अंतराचा जो हिशेब मांडला होता, त्याचीच ही उजळणी. गोळे फिनलंडच्या तोफांनी टाकले नव्हते, असे बहुतेक इतिहासकार, त्यांत रशियनही आले, आता मानतात. पण ते कोणी टाकले यावर फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. निमित्त कोणतेही चालले असते. कारण तीन महिने आधीच, २३ ऑगस्टला, कागदावर उतरले होते. त्या दिवशी झालेल्या जर्मन-सोव्हिएत कराराच्या गुप्त पुरवणीत फिनलंडला सोव्हिएत प्रभावक्षेत्रात टाकण्यात आले होते. फिनलंडच्या भवितव्याचा तहनामा, आणि त्यावर फिनलंडची सही नाही. वसईचीच ही रीत. या पुरवणीचे अस्तित्व सोव्हिएत संघाने पन्नास वर्षे नाकारले आणि डिसेंबर १९८९ मध्ये मान्य केले. मधल्या काळात ज्या कार्यकर्त्यांनी ती भांडवलदारी बनावट म्हणून निष्ठेने नाकारली, त्यांची कोणी क्षमा मागितली नाही.

बाजीरावही होता. १ डिसेंबरला तेरियोकी या नुकत्याच जिंकलेल्या गावी ओट्टो कूसिनेन याच्या नेतृत्वाखाली फिनलंडचे लोकसरकार स्थापन झाल्याची घोषणा झाली आणि मॉस्कोने दुसऱ्याच दिवशी त्याच्याशी मैत्रीचा करार केला. त्यामुळे राष्ट्रसंघापुढे सांगता आले की फिनलंडशी युद्ध नाहीच, तेथील खऱ्या सरकारशी तर सख्य आहे! बाजीराव निदान पेशवा होता. त्याच्या सहीला काही वजन होते. कूसिनेन वीस वर्षे मॉस्कोत राहत होता. त्याच्या जाहीरनाम्यात आठ तासांच्या कामाच्या दिवसाचे आश्वासन होते. फिनलंडमध्ये तो कायदा १९१७ सालीच झालेला होता.

समाजवादी वाचकाने अधिक वेळ थांबावे असे स्थळ येथे आहे. मॉस्कोच्या अपेक्षेप्रमाणे फिनलंडचा कामगार उठावयास हवा होता. १९१८ मध्ये ज्याच्या बापाला वा भावाला शुभ्र फौजांनी मारले तोच हा कामगार. तो उठला, पण बंदूक घेऊन सीमेवर गेला तो कूसिनेनच्या विरुद्ध. त्या वेळच्या संयुक्त मंत्रिमंडळात सोशल डेमोक्रॅट पक्ष होता. मॉस्कोच्या वाटाघाटींत पासिकिवीबरोबर गेलेला व्हायनो टॅनर हा त्या पक्षाचा पुढारी आणि आंतरराष्ट्रीय सहकारी चळवळीचा अध्यक्ष होता. युद्ध चालू असतानाच, जानेवारी १९४० मध्ये, फिनलंडच्या मालकवर्गाच्या संघटनेने कामगार संघटनांना वाटाघाटीतील पक्ष म्हणून प्रथमच मान्यता दिली. वीस वर्षांच्या वर्गसंघर्षाने जे पदरी पडले नव्हते ते परकीय आक्रमणाच्या छायेत पडले. ज्या युद्धात समोरच्या देशाचा कामगारवर्ग त्याच्या मालकांच्या बाजूने उभा राहतो, त्याला मुक्तीचे युद्ध म्हणण्यासाठी फार मोठी पोथीनिष्ठा लागते.

यावर आक्षेप घेतला जाईल की ईस्ट इंडिया कंपनी नफ्यासाठी लढत होती आणि सोव्हिएत संघ आत्मरक्षणासाठी. दोहोंना एका तराजूत घालणे म्हणजे वर्गदृष्टी सोडणे. हेतूंत फरक होता, हे खरेच. कंपनीला लंडनच्या भागीदारांना लाभांश द्यावयाचा होता, स्टालिनला हिटलर दाराशी येण्यापूर्वी दार पुढे ढकलावयाचे होते. पण वेलस्लीनेही नफ्याचे नाव घेतले नव्हते. त्यानेही संरक्षणच म्हटले होते, आणि नेपोलियनचा फ्रान्स हा काही कागदी शत्रू नव्हता. संरक्षणाची भाषा हेतू ओळखण्यास उपयोगी पडत नाही, कारण ती सर्वांचीच भाषा आहे. ओळखावयाचे ते यावरून की सुरक्षिततेची किंमत कोणाच्या जमिनीतून वसूल होते आणि त्याला नाही म्हणण्याचा हक्क आहे की नाही. शिंद्यांना तो नव्हता, फिनलंडलाही नव्हता.

शिवाय ज्यासाठी हा खटाटोप झाला ती सुरक्षितता तरी मिळाली काय? १३ मार्च १९४० रोजी युद्ध थांबले. विपुरी शहरासह देशाचा सुमारे दशांश भाग फिनलंडने गमावला आणि चार लाखांवर माणसे घरदार सोडून आत आली. फिनलंडचे सुमारे २५ हजार लोक पडले. सोव्हिएत मृतांचा आकडा रशियन अभिलेखागारांतील संशोधनाप्रमाणे सव्वा लाखाच्या घरात जातो. आणि १९४१ च्या जूनमध्ये हिटलरने चाल केली तेव्हा फिनलंड त्याच्या बरोबरीने लढाईत उतरला; लेनिनग्राडच्या वेढ्याची उत्तर बाजू त्याच्या फौजांनी बंद केली. दीड वर्षापूर्वी तो तटस्थ देश होता. हिटलरशी केलेल्या त्या संगतीचा दोष फिनलंडच्या राज्यकर्त्यांचाच, त्यातून त्यांना सोडविता येत नाही. पण तटस्थ शेजाऱ्याचा शत्रू करण्याचे काम मॉस्कोने केले.

उजव्या बाजूच्या अश्रूंचीही किंमत करून ठेवावयास हवी. १९३९-४० च्या हिवाळ्यात लंडन-पॅरिसच्या सरकारांना फिनलंडचा एकाएकी कळवळा आला. मदतीच्या फौजा नॉर्वेच्या नार्विक बंदरातून पाठविण्याच्या योजना झाल्या. त्या वाटेवर जर्मनीला लोखंड पुरविणाऱ्या स्वीडनच्या खाणी होत्या, हा योगायोग नव्हता. ज्या ब्रिटनला छोट्या राष्ट्राच्या स्वातंत्र्याची एवढी चिंता, त्याच्याच व्हाइसरॉयने ३ सप्टेंबर १९३९ रोजी हिंदुस्थानला न विचारता युद्धात लोटले होते. त्याच्या निषेधार्थ काँग्रेसची प्रांतिक मंत्रिमंडळे बाहेर पडली. त्यांत बुलढाणा ज्या मध्य प्रांत व वऱ्हाडात होता तेथील रविशंकर शुक्लांचे मंत्रिमंडळही होते. तेव्हा फिनलंडच्या बाजूने बोलणे म्हणजे चेंबरलेनच्या बाजूने बोलणे, अशी अडवणूक त्या काळी केली जाई. ती खोटी होती. मलकापुरी वेलस्लीला विरोध करण्यासाठी सर्जेराव घाटग्याचा भक्त व्हावे लागत नाही.

हा वाद जुना झाला, असे म्हणून सुटका नाही. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर चाल केली तेव्हा पुन्हा तेच शब्द कानी आले: दाराशी आलेला शत्रू, सीमेपासूनचे अंतर, शेजारच्या देशातील वाईट सरकार. नाटोच्या विस्ताराचा प्रश्न बनावट नाही. अमेरिकेने इराकमध्ये २००३ साली काय केले हे जगाने पाहिले आहे, आणि तेथेही शब्द संरक्षणाचाच होता. पण युक्रेनच्या जमिनीवर रणगाडे कोणाचे गेले, या प्रश्नाला नाटो हे उत्तर होत नाही. परिणामही ओळखीचा निघाला. दुसऱ्या महायुद्धानंतर पाऊणशे वर्षे लष्करी गटांबाहेर राहिलेला फिनलंड ४ एप्रिल २०२३ रोजी नाटोत दाखल झाला.

मलकापूरच्या रयतेला १८०३ मध्ये कोणी काही विचारले नव्हते. दोन्हीकडच्या फौजा तिच्याच शेतांवर आणि गवतावर जगत होत्या. त्याच सुमारास पाऊस हुकला आणि १८०३-०४ चा दुष्काळ वऱ्हाडाच्या स्मरणात राहिला. १७ डिसेंबरला देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेचे वऱ्हाड सोडले आणि ते निजामाच्या पदरात पडले. तेरा दिवसांनी सुर्जी-अंजनगावास शिंद्यांनीही सही केली. ज्याच्या संरक्षणासाठी युद्ध झाले त्या निजामाला मग कंपनीच्या देखरेखीखालच्या फौजेचा खर्च पेलेनासा झाला. कर्ज साचत गेले आणि १८५३ मध्ये त्या कर्जापोटी वऱ्हाड कंपनीच्या कारभारात गेले. पुढच्या वीस वर्षांत लोहमार्ग आला, खामगावचा कापूस मँचेस्टरला जाऊ लागला. १९०२ साली कर्झनने निजामाकडून वऱ्हाडाचा कायमचा पट्टा लिहून घेतला. भाडे ठरले सालीना २५ लाख रुपये. वसईच्या तहात फौजेच्या खर्चासाठी बाजीरावाकडून लिहून घेतलेल्या मुलुखाच्या उत्पन्नापेक्षा एक लाखाने कमी.